उन्हाळ्याच्या दुपारी वाचनाची गोडी पुन्हा कशी लागेल?

टिळकवाडीची वाचक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मार्चअखेर मी नोकरीतून निवृत्त झाले आणि कित्येक वर्षांनी प्रथमच अख्खा उन्हाळा माझ्या हाती आला आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर असल्यामुळे विदर्भ-मराठवाड्यासारखी होरपळ इथे होत नाही; तरी एप्रिलमध्ये पारा 36-37 अंशांवर गेला की थंड हवेला सरावलेल्या आम्हा लोकांना दुपारी बारा ते चार घराबाहेर पाऊल टाकवत नाही. हा वेळ वाचनाला द्यायचा, असे मी मनाशी पक्के केले आहे आणि त्यासाठीच आपला सल्ला हवा आहे.

कॉलेजात असताना मी भरपूर वाचत असे. शहरातील सार्वजनिक वाचनालय 1848 सालचे. तिथून आणलेले पुस्तक रात्रीत संपवून दुसऱ्या दिवशी बदलायला जाण्यात मला मोठा आनंद वाटे. पुढे नोकरी, बदल्या, मुलांची शिक्षणे आणि घरातील आजारपणे यांत वाचन मागे पडत गेले. 2000 साली य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली आपल्या शहरात 73 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा ग्रंथप्रदर्शनातून हौसेने आणलेली पुस्तके आजही कपाटात आहेत आणि त्यांतील बरीचशी मी उघडूनही पाहिलेली नाहीत.

आता वेळ आहे, पुस्तके आहेत, इच्छाही आहे. मात्र वाचन होत नाही. चांगली जाडजूड, नावाजलेली कादंबरी घेऊन बसते. परिच्छेदाच्या अखेरीस पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात मनातून निसटलेली असते, म्हणून पुन्हा वर जाऊन वाचते, तेवढ्यात हात आपोआप फोनकडे वळतो, आणि फोन दूर ठेवला तर डोळा लागतो. पूर्वी हाताशी पुस्तक असले की जेवणाची शुद्ध राहत नसे. ती तल्लीनता कुठे गेली हे समजत नाही आणि त्याचे मनापासून वाईट वाटते. ज्यांचे वाचन असे सुटले होते आणि पुन्हा सुरू झाले, त्यांनी ते कसे जमवले? दुपारची वेळ मुळात योग्य आहे का? सुरुवात कशाने करावी?

खानापूरचा मास्तर

ताई, आपला प्रश्न वाचून आधी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मन लागत नाही याचा सगळा दोष आपण स्वतःकडे घेऊ नका, कारण त्यातील काही वाटा निव्वळ उष्णतेचा आहे. अमेरिकेतील बॉस्टन शहरात 2016 च्या उन्हाळ्यात उष्णतेची लाट आली असताना विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. वातानुकूलन नसलेल्या खोल्यांत झोपणाऱ्या तरुण, निरोगी विद्यार्थ्यांना सकाळी उठल्याबरोबर सोप्या चाचण्या दिल्या, तेव्हा लक्ष एकाग्र करण्याच्या चाचणीत त्यांना इतरांपेक्षा सुमारे 13 टक्के अधिक वेळ लागला. विशीतल्या मुलांची ही स्थिती असेल, तर भर दुपारी तापलेल्या खोलीत आपले चित्त विचलित होण्यात नवल नाही.

म्हणून पहिला विचार जागेचा करावा. आपले घर स्लॅबचे असेल तर वरच्या मजल्यावर दुपारी बसू नका. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती धग संध्याकाळी उशिरापर्यंत खोलीत सोडत राहतो. दुपारी ऊन पश्चिमेकडून येते, तेव्हा तळमजल्यावरची पूर्वेची किंवा उत्तरेची खोली निवडावी, पश्चिमेच्या खिडक्या साडेअकरालाच लावून घ्याव्यात आणि पहाटे मात्र सगळ्या उघड्या ठेवाव्यात. आमच्या भागात अजून कौलारू घरे आहेत. त्यांच्या सोप्यात दुपारी जो गारवा असतो तो पंख्याने मिळत नाही, आणि कुणा नातेवाइकाचे असे घर जवळपास असेल तर तिथे पुस्तक घेऊन जाण्यात संकोच करू नये. जेवण हलके ठेवा. नाचणीची आंबील आणि ताक घेऊन बसलेला माणूस जागा राहतो. आडवे होऊन वाचणे उन्हाळ्यात टाळावेच, कारण पाठ टेकली की झोप येणार.

दुसरा विचार पुस्तकाचा. ज्या वाचनात खंड पडला आहे ते जाड कादंबरीने सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कादंबरीला पन्नास-साठ पानांची गुंतवणूक आधी करावी लागते आणि आनंद नंतर मिळतो. सध्या आपल्याला आनंद आधी हवा आहे. माळ्यावर जुने दिवाळी अंक असतील तर ते खाली काढा. 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कथा, लेख, कविता, व्यंगचित्रे एकत्र वाचण्याची जी सोय मराठी वाचकाला झाली, तिचे मोल अशा वेळी कळते. एखादी कथा आवडली नाही तर पुढचे पान उलटता येते आणि काही अपुरे राहिल्याची टोचणी लागत नाही. मग हळूहळू ललित लेखांकडे वळावे. दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ आपल्या कपाटात असेलच. महिन्या-महिन्यांचे निसर्गलेखन असल्यामुळे चैत्र-वैशाखाची पाने चैत्र-वैशाखातच वाचता येतात, आणि पुस्तकातून मान वर केली की खिडकीबाहेर तेच चाललेले दिसते. आमच्याकडे या दिवसांत करवंदे आणि फणस असतात, त्यामुळे ते वाचन अंगाला लागते.

रोज अमुक पाने संपवायचीच असा नेम करू नका. पुष्कळ लोक हा उपाय सुचवतील, पण शाळेत मी याचा परिणाम पाहिला आहे. मुले पाने मोजतात आणि गोष्ट विसरतात. नेम वेळेचा आणि जागेचा असावा. पुस्तक आवडले नाही तर मधेच सोडण्याची मुभा स्वतःला द्यावी.

दृष्टी_चिकोडी

मी डोळ्यांची तपासणी करतो, म्हणून एक शंका विचारतो. आपण चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला? वयाच्या चाळिशीनंतर डोळ्यांतील भिंगाची लवचिकता कमी होत जाते आणि जवळचे पाहण्यासाठी डोळ्यांना अधिकाधिक कष्ट घ्यावे लागतात. हा बदल चाळिशीत थांबत नाही. पंचावन्न-साठीपर्यंत जवळचा नंबर वाढत राहतो. पूर्वी कधीतरी करून घेतलेली चाळिशी आज अपुरी पडत असेल, तर अक्षरे दिसतात खरी, पण ती दिसत ठेवण्यातच शक्ती खर्च होते; अर्ध्या तासात कपाळ जड होते, ओळ चुकते, झोप आल्यासारखे वाटते. वाचनातील रस गेला असे सांगणाऱ्या अनेकांचा रस शाबूत असतो आणि नंबर मात्र बदललेला असतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर उजेडात तिरीप येणे आणि अक्षरे फिकट दिसणे हेही होते, तेव्हा एकदा नीट तपासणी करून घ्यावी.

उन्हाळ्याची एक वेगळी अडचण आहे. कोरडी हवा, तोंडावर येणारा पंख्याचा वारा आणि वाचताना कमी होणारी पापण्यांची उघडझाप यांमुळे डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. पंखा पाठीमागून किंवा बाजूने लागेल असे बसा, अधूनमधून मुद्दाम पापण्या मिटा आणि लांबचे काहीतरी पाहा. मास्तरांनी खिडक्या लावायला सांगितले ते बरोबर आहे. फक्त अंधारात बसू नका. मंद उजेडाने डोळे कायमचे बिघडतात हा समज चुकीचा आहे, पण थकवा निश्चित येतो. पुस्तकावर खांद्यामागून प्रकाश पडेल असा एक दिवा लावावा.

निपाणीकर अक्का

ताई, वरच्या दोघांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. तरी माझे वाचन ज्या वाटेने परत आले ती वाट त्यात आलेली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

निपाणीचा उन्हाळा बेळगावपेक्षा कडक असतो. आमचे घर जुन्या पद्धतीचे असून मधल्या सोप्यात दुपारी सगळ्या बायका एकत्र बसतात. माझ्या सासूबाईंना वाचनाचे वेड होते. नजर अधू झाल्यावर त्यांचे वाचन थांबले आणि त्या दुपारभर नुसत्या बसून राहू लागल्या. एके वर्षी वैशाखात त्यांनी मला पेपरातली पुरवणी वाचून दाखवायला सांगितली. मला तेव्हा वाचनाची मुळीच आवड उरली नव्हती. केवळ त्यांच्यासाठी म्हणून मी वाचायला बसले. पुरवणी संपल्यावर त्यांनी कथासंग्रह आणायला लावला.

मोठ्याने वाचताना काय होते ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. एक तर डोळ्यांना ओळ सोडून पळता येत नाही, कारण ऐकणारे माणूस समोर असते. वाक्य कुठे तोडायचे, कुठे श्वास घ्यायचा, कुणाच्या तोंडी कुठला सूर द्यायचा याचा विचार करता करता मन आपोआप मजकुरात शिरते. दुसरे असे की फोनला मध्ये यायला जागाच राहत नाही. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सासूबाई मधेच थांबवून विचारत, “ती असे का वागली असेल गं?” मग त्यावर बोलणे होई, शेजारच्या वहिनी आपले मत मांडत, कधी वाद होत आणि अर्धा तास पान तिथेच राही. पूर्वी मी भराभर वाचून पुस्तके संपवली होती. पण एखाद्या पात्राविषयी इतका वेळ विचार मी कधीच केला नव्हता.

इंदिरा संत यांच्या कविता आम्ही अशाच वाचल्या. त्यांचे बहुतेक आयुष्य बेळगावात गेले हे सांगितल्यावर सासूबाईंना विशेष आपुलकी वाटली. एकेक कविता दोनदा वाचायची, दुसऱ्यांदा सावकाश, आणि मग काही वेळ कुणी बोलायचे नाही, असा आमचा रिवाज पडला. 1984 साली ‘गर्भरेशीम’ या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ही माहिती वहिनींनी कुठूनशी शोधून आणली, आणि पुढे तो संग्रहच आणून वाचला.

आपल्याकडे श्रावणात पोथी लावण्याची रीत आहे. एकाने वाचायचे आणि घराने ऐकायचे ही सवय आपल्या आज्या-पणज्यांच्या अंगवळणी पडलेली होती. अक्षरओळख नसलेल्या बायकासुद्धा अशा ऐकण्यातून साहित्याच्या जाणकार झाल्या. एकट्याने, मुक्याने वाचणे हाच वाचनाचा खरा प्रकार आहे असे आपण का मानावे? आपल्या घरी किंवा शेजारी कुणी वयस्कर माणूस असेल, ज्याला नजरेमुळे वाचता येत नसेल, तर त्याला दुपारी एक तास वाचून दाखवा. माझे एकट्याचे वाचन त्यानंतर पुढच्या पावसाळ्यात सुरू झाले. सासूबाई आता नाहीत. दुपारचे वाचन मात्र सोप्यात अजून चालते आणि आता वहिनी वाचतात.

टिळकवाडीची वाचक

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी विचारले ते अगदी योग्य. चष्मा बराच जुना आहे, या आठवड्यातच तपासणी करून घेते. अक्कांचे उत्तर मी दोनदा वाचले. आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात, त्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. त्यांना विचारून पाहते.

आणखी एक विचारते. माझी नात बेंगळूरहून सुट्टीत येणार आहे. ती इंग्रजी माध्यमात सहावीत शिकते, घरी मराठी उत्तम बोलते, पण मराठी पुस्तक हातात घेत नाही. तिला बरोबर घेऊन वाचायचे असेल तर कुठून सुरू करावे? आणि फोनवर किंवा टॅबवर वाचणे आपल्याला योग्य वाटते का? तिला ते अधिक जवळचे आहे.

मार्कंडेयाकाठ

ताई, आधी फोनविषयी लिहितो, कारण याबाबत पुष्कळ लोक टोकाचे बोलतात. कागदावरचे वाचन आणि पडद्यावरचे वाचन यांची तुलना करणाऱ्या 54 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण 2018 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात 1 लाख 70 हजारांहून अधिक वाचकांची माहिती होती. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना तो अधिक चांगला समजला, विशेषतः वेळेचे बंधन असताना. कथात्मक मजकुरात मात्र असा फरक आढळला नाही. म्हणजे कथा किंवा कादंबरी टॅबवर वाचली तर ती कमी समजते असे म्हणायला आधार नाही. अडचण पडद्याची नसून त्यावर सतत टपकणाऱ्या संदेशांची आहे. वाचताना इंटरनेट बंद ठेवले आणि पुस्तक आधीच उतरवून घेतले, तर टॅब हे चांगले साधन आहे. चाळिशीच्या पुढच्या माणसाला अक्षर मोठे करता येते, हा फायदा तर आहेच. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके मोफत उपलब्ध आहेत, मराठी विश्वकोश पूर्णपणे संकेतस्थळावर वाचता येतो, आणि सीमाभागातील आपल्यासारख्यांना, ज्यांच्या गावात मराठी पुस्तकांचे दुकान असेलच असे नाही, त्यांना या सोयीचे महत्त्व पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा जास्त आहे.

आता नातीविषयी. आपल्या भागातील आणि बेंगळूरमधील मराठी मुलांची स्थिती मी जवळून पाहतो. त्यांना मराठी कळत नाही असे नसते. कानाला सगळे कळते. डोळ्यांना सवय नसते. शाळेत हिंदी असेल तर देवनागरी अक्षरे तिला येतात, तेव्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करण्याची गरज नाही आणि तसे करूही नये, कारण सहावीतल्या मुलीला पहिलीचे पुस्तक दिले तर तिचा अपमान होतो. अडते ते थोड्याच ठिकाणी. ‘ळ’ हिंदीच्या सवयीमुळे चुकतो, ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन उच्चार गोंधळात टाकतात, ‘दुसऱ्या’ किंवा ‘कैऱ्या’ यांतील जोडाक्षर नवे असते आणि ‘घरासमोरच्या’ यासारखे लांब शब्द एका दृष्टीत वाचता येत नाहीत. या अडचणी समोर आल्या की हळूच शब्द सांगावा आणि पुढे जावे. थांबवून धडा देऊ नये.

माझ्या मुलीच्या बाबतीत असे केले. पुस्तक दोघांच्या मध्ये ठेवायचे, एक पान मी वाचायचे आणि संवाद आले की ते तिने वाचायचे. संवाद लहान असतात, बोलीतले असतात आणि तिच्या कानांना ओळखीचे असतात, त्यामुळे तिला लवकर धीर आला. गोष्ट रंगात आली असताना मी काहीतरी कामासाठी उठायचो आणि पुस्तक तिथेच उघडे ठेवायचो. पुढे काय झाले हे जाणून घेण्याची ओढ कुठल्याही बक्षिसापेक्षा बलवान असते, असा माझा पक्का विश्वास आहे. रहस्यकथा, साहसकथा, भुताच्या गोष्टी, विज्ञानकथा यांना कमी लेखू नका. मुलांच्या हाती थोर साहित्य लवकर देण्याची आपल्या घरांतली घाई वाचनाला मारक ठरते.

वेळेचा एक व्यावहारिक मुद्दा आहे. कर्नाटकातील शाळांची उन्हाळी सुट्टी साधारणपणे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते आणि मेअखेर संपते, तर महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यापर्यंत बंद असतात. कोल्हापूर-पुण्याची भावंडे येतात तेव्हा इकडच्या मुलांची सुट्टी निम्मी सरलेली असते. एकदा सगळी मुले जमली की खेळ, आंबे आणि हुंदडणे सुरू होते, आणि ते व्हायलाच हवे. नातीबरोबरचे वाचन म्हणून एप्रिलमध्येच सुरू करा. पुढे भावंडे आली की तीच त्यांना गोष्ट सांगेल.

ती नंतर आजोळी किंवा एखाद्या खेड्यात राहायला जाणार असेल तर तिथल्या ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयातही जरूर पाठवा. त्याला आता बहुतेक ठिकाणी अरिवु केंद्र म्हणतात. 2020 मध्ये ‘ओदुव बेळकु’ या उपक्रमात राज्य सरकारने ग्रामपंचायत ग्रंथालयांचे सदस्यत्व मुलांना मोफत केले. तिथे मुख्यतः कन्नड पुस्तके असतात. मराठी मुलाने कन्नड गोष्ट वाचली तर त्यात मला आनंदच वाटतो. एका भाषेत वाचनाची चटक लागली की ती दुसऱ्या भाषेत जाते. आपल्या भागातले मूल तीन-चार भाषा ऐकत वाढते, हे त्याचे धन आहे.

ग्रंथसेवक

बेळगावच्या पश्चिमेकडील एका गावातल्या वाचनालयात मी संध्याकाळी पुस्तके देण्या-घेण्याचे काम पाहतो. चर्चा वाचून समाधान वाटले. वाचनालयाच्या बाजूने थोडे लिहितो.

ताई, आपण कपाटातली पुस्तके वाचायची म्हणता, ते चांगलेच आहे. तरीही एखाद्या वाचनालयाचे सदस्य व्हा. घरचे पुस्तक कधीही वाचता येते, म्हणून ते कधीच वाचले जात नाही. आणलेले पुस्तक परत करायचे असते आणि तेवढी मुदत पुरेशी असते. शिवाय तिथे दुसरा वाचक भेटतो. परतीच्या पुस्तकांच्या ढिगातून पुस्तक निवडणारे बरेच सदस्य आमच्याकडे आहेत. कुणीतरी नुकतेच वाचलेले पुस्तक चांगले असणार असा त्यांचा अंदाज असतो आणि तो सहसा खरा ठरतो.

आपल्या भागातील वाचनालये कशी चालतात हे नव्या पिढीला माहीत असावे, म्हणून हेही सांगतो. देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने 1945 साली केला. महाराष्ट्रात 1967 च्या कायद्यानुसार लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना मान्यता मिळते आणि त्यांच्या वर्गाप्रमाणे अनुदान दिले जाते. कर्नाटकाचा 1965 चा कायदा वेगळ्या रचनेचा आहे. मालमत्ता करावर रुपयामागे 6 पैसे ग्रंथालय उपकर घेतला जातो आणि त्यातून मुख्यतः सरकारी ग्रंथालये चालतात. त्यामुळे सीमाभागातील गावोगावची मराठी वाचनालये प्रामुख्याने वर्गणी, देणग्या आणि तरुण मंडळांच्या कष्टांवर उभी आहेत. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांत ग्रामीण साहित्य संमेलने भरतात, तिथे हजारो लोक मांडवात बसून भाषणे आणि कथाकथन ऐकतात, याचा मला अभिमान आहे. परंतु संमेलनाचा मांडव एका दिवसाचा असतो आणि वाचनालय वर्षभर उघडे ठेवावे लागते. मांडवात आलेल्यांपैकी दहातला एक जरी गावच्या वाचनालयाचा सदस्य झाला, तरी नव्या पुस्तकांची चिंता मिटेल. हे मी पोटतिडकीने लिहीत आहे, कारण सदस्य कमी झाले की पहिली कात्री मासिकांवर चालते, आणि मास्तरांनी वर्णन केलेला वाचक, ज्याला छोट्या मजकुरापासून सुरुवात करायची असते, तोच मग दाराबाहेर राहतो.

आता आपल्या कपाटाविषयी. बरीच वर्षे न उघडलेल्या पुस्तकांना कसर लागलेली असण्याची शक्यता आहे. हे काम उन्हाळ्यातच करावे. पुस्तके बाहेर काढून कोरड्या मऊ फडक्याने पुसा, पाने फडफडवून सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी दिवसभर उभी करून ठेवा. थेट उन्हात घालू नका. कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि बांधणीचा डिंक सुटतो. कपाट भिंतीला चिकटलेले असेल तर चार बोटे पुढे ओढा, कारण आपल्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की भिंत ओल धरते आणि मागच्या रांगेला बुरशी येते. पुस्तके दाटीने कोंबू नका. कपाटात कडुनिंबाची सुकवलेली पाने ठेवण्याची जुनी पद्धत आमच्याकडे अजून पाळतात.

हे काम नात आल्यावर तिला बरोबर घेऊन करा. पुसता पुसता ती चार पुस्तके उघडून पाहील, चित्रे पाहील, कुणाची सही, कुठली तारीख असे काहीबाही विचारील, आणि त्यातले एखादे ती स्वतःच बाजूला काढील. त्याच पुस्तकाने सुरुवात करावी. ते आपल्या दृष्टीने कसे का असेना. वळवाचे पाऊस मेमध्ये कधीही येतात, म्हणून सावलीत मांडलेली पुस्तके दुपारी तीनच्या आत घरात घ्यावीत.